अर्थाची तार

गेली अठरा वर्षे मी पनवेलच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. शिकवतो म्हणजे काय करतो, तर अर्थ सांगतो. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ, भावार्थ, गर्भितार्थ. माझा धंदाच अर्थाचा. आता 'अर्थ' याचा दुसरा अर्थ जो पैसा, तो या धंद्यात बेताचाच असतो, ही गोष्ट निराळी! सांगायचे ते असे की, या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हता. कोणत्याही शब्दकोशात मी तो शोधायला गेलो नसतो. तो मला पालीला आमच्या घराच्या खळ्यात, एका पिकअप गाडीच्या पोटाखाली मी उताणा पडलो असताना, माझ्या धाकट्या भावाने शिकवला. हा भाऊ दहावीच्या पुढे गेलेला नाही.

पाली म्हटले की वाचकांना बल्लाळेश्वर आठवणार, आणि ते योग्यच आहे. मागे सरसगड, जवळून वाहणारी अंबा नदी, बाजूला उन्हेऱ्याची ऊन पाण्याची कुंडे. यात्रेकरू सारे पाहून, कोकम आणि पापड घेऊन परत जातो. पण आपण देवापुढे फोडला तो नारळ गावात आला कसा, हे काही तो विचारत नाही. पालीला रेल्वे नाही. जे यायचे ते रस्त्याने येते, एक तर खोपोलीकडून नाहीतर वाकणच्या फाट्यावरून. त्यातले थोडेसे माझ्या भावाच्या पिकअपमधून येते. मध्यरात्री निघायचे, वाशीच्या बाजारात नारळ नि भाजी भरायची, आणि देवळाचा रस्ता गजबजायच्या आत दुकानदारांच्या दारात माल उतरवायचा, हा त्याचा उद्योग.

तो या उद्योगात कसा पडला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वडील गेले तेव्हा मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि धाकटा दहावीला. एकाच्याच फीचे पैसे निघतील, असा हिशेब होता. तो हिशेब कोणी मांडला आणि कोणी मान्य केला, याची घरात कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. एवढेच आठवते की, परीक्षा झाल्यावर धाकटा एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि मला दरमहा मनीऑर्डर येऊ लागली. क्लीनरचा ड्रायव्हर झाला. माझा एम. ए. झाला.

पाच वर्षांपूर्वी त्याने स्वतःची गाडी घ्यायचे ठरवले. कर्जासाठी पगारदार जामीन हवा होता. पेढ्यांचा पुडा आणि कागद घेऊन तो पनवेलला आला. मी कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणालो, "विचार करून सांगतो." माझ्या घराचे हप्ते चालू होते, मुलीचे शिक्षण पुढे होते, कारणे खोटी नव्हती. पण मी विचारही केला नाही आणि सांगितलेही नाही. त्याने पुन्हा विचारले नाही. त्या दसऱ्याला गाडी दारात आल्याचा त्याचा फोन आला. मी अभिनंदन केले. जामीन कोण राहिले, हे मात्र विचारले नाही. तेव्हापासून आमचे बोलणे गणपती, दिवाळी आणि पाऊस एवढ्यावर आले. भांडण नव्हते. भांडण असते तर बरे, असे काही घरांत असते.

गेल्या वर्षीच्या आषाढात ओल्या जांभ्याच्या पायरीवरून धाकटा घसरला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. गाडीवर गावातलाच एक मुलगा ठेवला होता, तो लावणीच्या दिवसांत शेतावर गेला. गाडी खळ्यात उभी, हप्ता मात्र चालू. भावजयीने फोन केला, "दादा, हे रात्रभर जागे असतात. पायाचं दुखणं नाही, गाडीचा घोर लागलाय. तुम्ही येऊन जा."

मी शनिवारची एस. टी. धरली.

धाकटा ओसरीत खाटेवर पडला होता. समोर पावसात गाडी उभी. त्याने ख्यालीखुशाली विचारली नाही. उशीखालून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "दादा, सेल्फ मार."

मी किल्ली फिरवली. गाडीने टिक् टिक् टिक् असा आवाज केला आणि ती गप्प बसली.

"टिकटिक करते की एकदाच ठक् करते?"

"टिकटिक."

"आता हेडलाइट लाव आणि परत मार. दिवे कसे होतात बघ."

दिवे पिवळे पडले आणि किल्ली फिरवताच विझल्यासारखे झाले. वैद्य नाडी न धरता नुसत्या खोकल्यावरून रोग ओळखतो, तसे त्याने खाटेवरून निदान केले. दिवे लख्ख राहिले असते तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत. दिवे मरतात त्या अर्थी बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल खराब झाले आहे. बॉनेट उघडले तेव्हा दोन्ही खरे ठरले. बॅटरीच्या खुंट्यांवर हिरवटपांढरी बुरशी चढली होती. देवघरातली समई वर्षभर घासली नाही तर जशी दिसेल, तशी.

"दहा नंबरचा पाना घे," खाटेवरून हुकूम सुटला. "आधी मायनस काढ. काढताना पहिला मायनस, लावताना शेवटी मायनस. विसरू नको."

"का?" मी मास्तरच, कारण विचारल्याशिवाय मला चालत नाही.

"गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. तू प्लस सोडवायला गेलास आणि पाना चुकून पत्र्याला लागला तर ठिणगी उडेल, पाना लाल होईल. मायनस आधीच सुटा असला म्हणजे काही होत नाही. आणि बॅटरीजवळ बिडी नको. चार्ज होताना त्यातून जो गॅस निघतो तो पेट घेतो."

मी बिडी ओढत नाही, पण त्या क्षणी ओढणाऱ्याच्या यादीत जमा झालो, याचा मला थोडा अभिमान वाटला.

गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून मी त्या खुंट्या धुतल्या. आम्लाची बुरशी सोड्याने फसफसून जाते. मग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या, कोरड्या पुसल्या, पट्ट्या घट्ट आवळल्या आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. बॅटरी काढून चार्जिंगला दिली. दुसऱ्या दिवशी परत बसवली तेव्हा धाकट्याने आपला मीटर दिला. भरलेली बॅटरी निवांत उभी असताना १२.६ व्होल्ट दाखवते. १२च्या खाली गेली की समजावे, ती उपाशी आहे. इंजिन चालू झाल्यावर तोच काटा १४च्या आसपास गेला पाहिजे. गेला नाही तर अल्टरनेटर नाहीतर त्याचा पट्टा पाहावा. माझ्या मीटरने १४.१ दाखवले. विद्यापीठात पहिला आल्यासारखे मला वाटले.

पनवेलला परतल्यावर मी या बॅटरीविषयी थोडे वाचन केले. मास्तराला आणखी काय येते! शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाने १८५९ साली तयार केली. आज एवढ्या वर्षांनीही आपल्या बहुतेक गाड्यांत मूळ कल्पना तीच आहे. आमच्या देवळाच्या दगडी बांधकामात शिसे ओतले आहे, असे पालीत सांगतात. म्हणजे शिसे आमच्या गावाला परके नाही. १९११ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ काढला. त्याआधी इंजिनाच्या पुढ्यात हँडल घालून ते गरगरा फिरवावे लागे, आणि ते उलटे फिरले की मनगट मोडे. बॅटरी आणि सेल्फ यांची गाठ पडली तेव्हापासून एक बोट वाकवले की गाडी चालू होते. म्हणूनच ती होत नाही तेव्हा आपल्याला एवढा राग येतो.

पण त्या वाचनातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. बॅटरी वीज देते तेव्हा आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा मऊ थर बसतो. लवकर चार्ज केली की तो थर विरघळून जातो. तशीच उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडू दिली, तर त्याचे कठीण स्फटिक होतात, आणि मग कितीही वीज घाला, ते पूर्वपदावर येत नाहीत. बॅटरी वापराने मरते त्यापेक्षा उपेक्षेने लवकर मरते. मी पुस्तक मिटले. मला बॅटरीचा विचार करायचा होता, पण डोळ्यांपुढे पेढ्यांचा पुडा येत होता.

मग मी दर शनिवारी पालीला जाऊ लागलो. धाकटा खाटेवरून सांगे आणि मी करी. महिन्याभरात मला गाडीचे व्याकरण येऊ लागले. निघण्यापूर्वी गाडीला एक प्रदक्षिणा घालायची. खाली तेल ठिबकले आहे का, चाके बसली आहेत का, सगळे दिवे लागतात का. इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी काढून, पुसून, परत घालून पाहायची. कूलंटची टाकी दोन खुणांच्या मध्ये हवी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाला साचलेले पाणी काढून टाकायचे. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दिसायला चांगले असले तरी दोन वर्षांनी बदलायचे. पाट्यांना ग्रीस. बॅटरीत पाणी घालायचे तर डिस्टिल्ड. विहिरीचे नाही, मग ती विहीर कितीही पवित्र असो.

फ्यूजचे प्रकरण मला विशेष आवडले. १० अँपिअरचा लाल, १५चा निळा, २०चा पिवळा, ३०चा हिरवा. वृत्तांचे गण मुलांकडून पाठ करून घेतो, तसे मी हे पाठ केले. एकदा हॉर्नचा फ्यूज गेला. १५चा मिळेना, म्हणून मी ३०चा बसवायला निघालो.

"दादा!" धाकटा एवढ्याने ओरडला की भावजय चुलीपासून उठून आली. "फ्यूज जळतो म्हणून वायर वाचते. जाड फ्यूज घातलास तर फ्यूज टिकेल आणि गाडी पेटेल. काही लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घालतात. घरात कोणी ओरडून सांगणारा नको म्हणून त्याचं तोंड बांधण्यातलाच प्रकार हा."

मी १५चा फ्यूज आणायला निमूटपणे बाजारात गेलो. देवळापाशी घंटा वाजत होती. वसईच्या मोहिमेनंतर, १७३९ साली पोर्तुगिजांकडून मिळालेल्या घंटांपैकी एक चिमाजीअप्पांनी आमच्या देवाला दिली, असे सांगतात. तिला बॅटरी लागत नाही की फ्यूज लागत नाही. शिवाय आवाज माझ्या गाडीच्या हॉर्नपेक्षा किती तरी गोड! पण ती घंटा नारळ वाहत नाही.

'माझ्या गाडीच्या' असे मी लिहून गेलो आहे. राहू दे तसेच.

श्रावणात ड्रायव्हर मुलगा कामावर परत आला. एका शनिवारी तो वाशीहून माल घेऊन येणार होता, म्हणून मी पनवेलहून त्याच्या शेजारी बसूनच पालीला आलो. खोपोली सोडली आणि पावसाने धरले. आमच्या रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बराचसा त्या रात्री पडून गेला असावा. वाटेत मागची एक गाडी सारखा हॉर्न देऊ लागली. आम्ही बाजूला थांबलो. मागचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "काय राव, ब्रेक मारता तेव्हा तुमचा इंडिकेटर मिणमिणतो आणि इंडिकेटर दिलात की सगळेच दिवे लुकलुकतात. वळताय की थांबताय, समजायचं कसं? आता चढत होतो अंगावर!"

आम्ही बल्ब पाहिले, धड होते. फ्यूज पाहिले, धड होते. मी टॉर्च घेऊन मागे उभा राहिलो आणि मुलाला ब्रेक दाबायला सांगितले. ब्रेकचा दिवा लागण्याऐवजी सगळे दिवे मंद, पिवळे, कुजबुजल्यासारखे लागले. पुढे आम्ही बैलगाडीच्या वेगाने आलो. मागून दिवा दिसला की माझ्या छातीत धस्स होई. मध्यरात्र उलटल्यावर घरी पोचलो.

धाकटा जागाच होता. मी सगळा प्रकार सांगितला. तो क्षणभर डोळे मिटून पडला आणि म्हणाला, "दादा, अर्थ गेलाय."

मी जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिकांवर हेच लिहीत आलो आहे! मला हसू आले. पण तो गंभीर होता.

"सकाळी गाडीखाली शीर. मागच्या दिव्यांच्या वायरी जिथे येतात तिथे एक काळी वायर चासीला बोल्ट करून बसवलेली आहे. ती बघ."

सकाळी मी पोते अंथरून गाडीखाली शिरलो. ती वायर सापडली. तिच्या टोकाची चकती गंजून तिचा चुरा झाला होता. बोल्ट जागेवर, वायर जागेवर, पण मधे नुसता गंज. खाटेवरून आवाज येत होता आणि मी उताणा पडून ऐकत होतो.

"बॅटरीतून करंट दिव्यापर्यंत जातो तो वायरीतून. ती वायर सगळ्यांना दिसते, तिला रंग असतो, फ्यूज असतो. पण गेलेला करंट परत बॅटरीत आला पाहिजे, नाहीतर दिवा लागतच नाही. परत यायला निराळी लांब वायर नसते. तो गाडीच्या अंगातून, चासीतून, पत्र्यातून परत येतो. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. अर्थ तुटला की करंट परतीची दुसरी वाट शोधतो, शेजारच्या दिव्यात घुसतो, आणि मग एकही दिवा धड लागत नाही. बल्ब सगळे चांगले असतात रे. परतीची वाट नसते."

इंग्रजीत ते पृथ्वीचे नाव आहे, हे मला कळत होते. पण मराठीत तो शब्द माझ्या कानावर पडला तो माझाच होता. मी चकती बदलली, जागा पत्रा उघडा पडेपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावले. हे करताना हात चालत होते आणि मन मनीऑर्डरीच्या पावत्यांवर होते. महाविद्यालयातल्या माझ्या नावाच्या पाटीपर्यंत जी वायर गेली, तिला रंग होता, ती सगळ्यांना दिसली. परतीची वाट कोणाच्या अंगातून गेली होती?

त्याच दिवशी विम्याची मुदत पाहण्यासाठी मी गाडीचे कागद काढले. त्यांत कर्जाचा कागद होता. जामिनाच्या जागी सही होती ती बाजारातल्या वायरिंगवाल्याची. तोच, ज्याने माझी बॅटरी चार्ज करून दिली आणि पैसे विचारले तेव्हा "राहू द्या हो सर" म्हणाला होता. त्या माणसाचे दुकान दोन पत्र्यांचे आहे. पगाराची पावती त्याच्याकडे कुठली असणार? पुढे समजले की, त्याने आपली जागा लावून दिली होती.

मी कागद घेऊन ओसरीत आलो. म्हणालो, "जामीन मी राहायला हवं होतं."

पाऊस पडत होता. भावजय आत गेली. धाकटा छपराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा राग आला होता. एक वर्ष होता. मग हप्ते फेडायच्या घाईत राहूनच गेला." थोडे थांबून त्याने विचारले, "बॅटरी लावताना शेवटी काय लावलंस?"

"मायनस."

"मग झालं तर."

त्याने मला माफ केले की विषय बदलला, हे मी अजून सांगू शकत नाही. प्रत्येक वाक्याचा अर्थ स्पष्ट करायचाच असतो, असे आता मला वाटत नाही. मात्र त्या महिन्यापासून तो पुन्हा चालता होईपर्यंतचे हप्ते मी भरले. त्याने नको म्हटले नाही. नको म्हटले असते तर मला फार लागले असते, हे त्याला माहीत असावे.

खंडेनवमीला आम्ही पाना, मीटर आणि जॅक पाटावर मांडून त्यांची पूजा केली. दुसऱ्या दिवशी दसरा. गाडी धुतली, झेंडूचे तोरण बांधले, चाकाखाली लिंबे ठेवली. आपल्याकडे वर्षातून एकदा गाडीला हार घालतो आणि बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तिच्या टर्मिनलवर बुरशी वाढू देतो. पूजा जरूर करावी. पण देवालाही रोजची आंघोळ असतेच की! धाकटा तीन महिन्यांनी काठी टेकत खळ्यात उतरला. भावजयीने दोघांना ओवाळले. मला वाटले, आता तो गाडीत बसेल. पण त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू मार सेल्फ."

एका बोटाच्या हालचालीने इंजिन बोलू लागले. धाकटा लंगडत लंगडत गाडीच्या मागे गेला. आरशात मला त्याचे फक्त डोके दिसत होते.

"ब्रेक दाब!"

मी दाबला.

"इंडिकेटर!"

दिला. मागे काही क्षण शांतता होती. मग आवाज आला,

"आहे रे दादा. अर्थ आहे."